बघणारे गप्प का राहतात?

संपादक साहेब, नमस्कार.

सीताबर्डीच्या बसस्टॉपवर किंवा ट्यूशनच्या पार्किंगमध्ये चार पोट्टे मिळून एखाद्याला त्रास देतात, बाजूला इतके लोक उभे असतात पण कोणी काही बोलत नाही, मग आपण म्हणतो लोकांना काही पडलेलीच नाही. मला हे पटत नाही. अमेरिकेत डार्ली आणि लॅटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये छापलेल्या प्रयोगात पलीकडच्या खोलीतल्या माणसाला फिट आल्याचं ऐकू आलं, तेव्हा आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोकांनी जाऊन सांगितलं, आणखी चार जण ऐकतायत असं वाटलं तर फक्त ३१ टक्क्यांनी. म्हणजे गर्दीत प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी बघेल, त्यात सगळेच शांत म्हणून मस्करी चालली असेल असंही वाटतं, आणि मुलांना तर पुढचा नंबर आपला लागेल ही भीती असते, ती खोटी नाही हो.

पण कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर झालेल्या एका अभ्यासात (२००१) दिसलं की दुसरी मुलं मध्ये पडली तर निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! म्हणून शाळेत मुलांना प्रत्यक्ष काय बोलायचं तेच शिकवा, "चल रे, सर बोलावतात तुला" म्हणून त्रास होणाऱ्या मुलाला बाजूला काढता येतं. मोठ्यांनी "कोणीतरी फोन करा" न म्हणता एकालाच सांगावं, "दादा, तुम्ही ११२ लावा." मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन पण आहे, तो नंबर प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर का नसावा?

– एक पालक, मानेवाडा, नागपूर