मुलींच्या हॅमस्ट्रिंग टेस्टसाठी मदत हवीय (नेरूळ, नवी मुंबई)

नमस्कार मंडळी, आमचं मंडळ नेरूळ-सीवूड्सच्या मुलींना फुटबॉल शिकवतं. २०२२ ला अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल आपल्या डी. वाय. पाटीलवर झाली, स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं, त्यानंतर कितीतरी मुली ग्राउंडवर यायला लागल्या आणि त्यातल्या काही आता क्लबकडून मानधनावर खेळतात.

काळजी त्यांच्या गुडघ्यांची आहे. फुटबॉलमध्ये एसीएल (गुडघ्याच्या आतला, हाडं बांधून ठेवणारा पट्टा) फाटण्याचा धोका मुलींना मुलांच्या दुप्पट-तिप्पट असतो, २०२३ च्या वर्ल्ड कपला इंग्लंडची कॅप्टन लेआ विल्यमसन आणि बेथ मीड दोघी त्यामुळेच मुकल्या. मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग स्नायू नडगीचं हाड पुढे सरकताना मागे धरून ठेवतो, तो कमजोर असला किंवा दमला की भार एसीएलवर येतो. आणि जोरात पळताना पाय पुढे टाकला की हॅमस्ट्रिंग स्वतःच खेचला जातो ते वेगळंच. आपल्याकडे टेस्ट होते ती दुखापत झाल्यावर, आम्हाला ती सीझनच्या आधी करायचीय.

दम किती टिकतो ते बघायला खर्च नाही. उताणं झोपून एक टाच ६० सेंमी उंच खोक्यावर, दुसरा पाय सरळ वर, हात छातीवर, आणि कंबर उचलत राहायचं जमेना होईपर्यंत. २० वेळांच्या आत म्हणजे कच्चं, ३० च्या वर चांगलं असं धरतात, पण हे आकडे ऑस्ट्रेलियातल्या पुरुष खेळाडूंवरून आलेत, म्हणून आम्ही डाव्या-उजव्यातला फरक आणि त्या मुलीचाच आधीचा आकडा जास्त बघणार. प्रॅक्टिस संपल्यावर परत घेणार, कारण ताज्या पायावर सगळं छानच दिसतं.

ताकद मात्र नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. ठरावीक वेगानं पाय हलवून ताकद मोजणारं मोठं आयसोकायनेटिक मशीन आपल्या आवाक्यातलं नाही, पण हातात धरायचं डायनॅमोमीटर (पाय किती जोरानं दाबतो ते मोजणारं छोटं यंत्र) घेता येईल, त्यासाठी पैसे हवेत. शिवाय दोन-तीन जाड मॅट, आणि रविवारी सकाळी वेळ देणारी एक फिजिओ, शक्यतो ताईच, मुली मोकळेपणानं बोलतात. दर वेळी तीच आली तर फार बरं, कारण धरणाऱ्याच्या हाताच्या जोरावर रीडिंग बदलतं.

रोख द्या, चेक द्या, पावती मिळेल, डायनॅमोमीटरचं कोटेशन मंडळाच्या ऑफिसात लावलंय, बघून जा. घरात जुनी पण धड मॅट पडून असेल तर संध्याकाळी ग्राउंडवर आणून दिली तरी चालेल.