4000 फूट नेमके कुठून मोजले?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन स्कायवॉकवरचा लेख वाचला, फोटो छान आहेत, पण "पायाखाली थेट 4000 फूट खोल दरी" हे वाक्य खटकलं म्हणून लिहितोय. ठाण्यात स्टेशनजवळ एका टूरवाल्याच्या बोर्डवरही हाच आकडा आहे आणि लोक तो वाचून पैसे भरतात.

हा स्कायवॉक 2007 मध्ये सुरू झाला. तो नॅशनल पार्कमध्ये नाही, हुआलापाई आदिवासींच्या जमिनीवर आहे, घोड्याच्या नालेसारखा काचेचा मार्ग कड्याच्या बाहेर साधारण 70 फूट येतो. आता नकाशा बघा. तिथली कड्याची उंची समुद्रसपाटीपासून 4770 फुटांच्या आसपास आणि कोलोरॅडो नदीचं पात्र साधारण 1160 फुटांवर, म्हणजे वजाबाकी केली तरी 3600च येतात, 4000 नाहीतच. आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे, नदी काचेच्या खाली नाहीये! स्कायवॉक एका बाजूच्या घळीवर आहे, नदी तिथून लांब, समोर दिसते. काचेतून खाली बघितलं तर सरळ उभा कडा 500 ते 800 फुटांचा, मग टप्प्याटप्प्याने उतार, कॉन्टूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, जितक्या जवळ तितका चढ उभा) कड्यापाशी एकमेकींना चिकटलेल्या आणि पुढे सुटत जातात, हे नकाशावर स्वच्छ दिसतं. 4000 फूट थेट खाली म्हणजे जवळपास दीड बुर्ज खलिफा, लिहिण्याआधी निदान एवढा तरी विचार व्हायला हवा होता.

आपल्याकडेही हेच चालतं. माथेरान समुद्रसपाटीपासून 800 मीटर म्हणजे 2600 फूट, मग पॉइंटवर उभं राहून कोणीतरी सांगतं की खाली 2600 फूट दरी आहे. अहो, कड्याखाली जंगलाचा टप्पा आहे, मग उतार, मग वाड्या, आणि पायथ्याचं नेरळसुद्धा काही समुद्रात नाही.

500 फूट काय कमी आहेत का? काचेवर उभं राहिल्यावर पोटात गोळा यायला तेवढे भरपूर झाले, त्या दरीचं सौंदर्य खोट्या आकड्याशिवायही तितकंच आहे आणि हुआलापाई लोकांना पर्यटनातून चार पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. राग आहे तो तपासल्याशिवाय आकडा छापण्याचा, कारण तुमच्या पेपरातला आकडा मुलं शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहितात.

लोणावळ्याला टायगर पॉइंटवर काचेचा स्कायवॉक करायचं सरकारने जाहीर केलंय. त्याबद्दल छापाल तेव्हा समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी आणि काचेखालची सरळ खोली वेगळी, असे दोन्ही आकडे कृपया द्या, आणि या रविवारच्या पुरवणीत 4000 ची दुरुस्ती छापा, तीही आतल्या कोपऱ्यात नको, लेख होता त्याच पानावर.

आपला,
एक नियमित वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)