अर्धी भाकरी आणि वाटीभर अळणी

कोल्हापूर

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "खरं सांग मर्दा, मी पण करून घेऊ का?" आणि मी "सावकाश सांगतो" म्हणून विषय बदलला. शेजारी पाहुणे बसले होते, आणि वजन उतरवायच्या या ऑपरेशनबद्दल प्रत्येकाकडं एक मत तयार असतं. तेव्हा लिहूनच सांगतो. लांबेल. चहा घेऊन बस, आणि आता एकदा बिनसाखरेचा पिऊन बघ.

आमच्या आईला बेरियाट्रिक, म्हणजे हेच ऑपरेशन, म्हटलं की एकच गोष्ट आठवायची. २०१७ साली इजिप्तहून मुंबईला आणलेली ती इमान, पाचशे किलोच्या घरातली. विमानातून काय, क्रेननं काय, आठवडाभर टीव्हीवर तेच होतं. पुढं त्याच वर्षी ती अबुधाबीत गेली. आईचा हिशेब सरळ होता, "तिचं काय झालं बघितलंस नव्हं?" तिला समजावता समजावता मीच निम्मा डॉक्टर झालो. इमानची गोष्ट वेगळी होती, आजार वेगळे होते. माझं वजन एकशे एकतीस, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) सेहेचाळीस, इन्सुलिन चालू, बीपीच्या दोन गोळ्या आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा. एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खुर्चीत दुपारी दोनला डोळा लागायचा आणि गाडी सुटल्याची घोषणा दुसरंच कोणीतरी करायचं. हे तुला ठाऊक आहेच.

ऑपरेशनचे मुख्य दोन प्रकार. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ पाऊण भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्यासारखी नळी शिल्लक ठेवतात. बायपासमध्ये काढत काही नाहीत. जठराचा वरचा अंड्याएवढा भाग वेगळा करतात आणि लहान आतडं वर आणून त्याला जोडतात. उरलेलं जठर आत तसंच राहतं, फक्त अन्न तिकडून जात नाही. तुझ्यासारखा मीही स्लीव्ह म्हणूनच गेलो होतो. पण एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आत बघतात त्यात, अन्ननलिकेला आम्लपित्तानं सूज आलेली दिसली. स्लीव्हनं जळजळ वाढू शकते, आणि साखरही माझी फार, म्हणून सर्जन म्हणाले बायपास करू. त्यामुळं शेजाऱ्यानं काय केलं ते बघून ठरवू नकोस. तुझी एंडोस्कोपी काय म्हणते ते बघ.

तयारीतच जीव निघतो. सोनोग्राफी, इको, थायरॉईड, व्हिटॅमिन डी, बी-ट्वेल्व्ह, आणि झोपेची तपासणी. त्या रात्री अंगाला एवढ्या वायरी लावल्या की म्हटलं आता झोप कुठली यायची. लागली, आणि झोपेत श्वास किती वेळा थांबतो त्याचा कागद सकाळी हातात आला. मग ऑपरेशनपर्यंत नाकावर मशिन लावून झोपायचं. तुझी वहिनी सुरेखा म्हणाली, मशिनचा आवाज परवडला, तुमचं घोरणं नको.

आणि तो तीन गोळ्यांचा प्लास्टिकचा डबा, श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. पहिल्या दिवशी एकच गोळी जेमतेम हलली. ऑपरेशनआधी दोन आठवडे प्रोटीन पावडर, सूप आणि काकडी-टोमॅटो, बाकी काही नाही. लिव्हर जठराच्या बरोबर वर येतं, आणि चरबीनं सुजलेलं असलं की दुर्बिणीतून काम करायला जागाच मिळत नाही. ते आकसावं म्हणून हा उपास. त्यातच घरात कुणाचा तरी वाढदिवस असतोच.

मानसोपचारतज्ज्ञाकडं जायचं म्हटल्यावर मी चिडलोच होतो. मी काय वेडा आहे? त्या बाईंनी 'काय खाता' हे विचारलंच नाही. 'कधी खाता' एवढंच विचारलं. ड्युटी संपवून रात्री घरी आल्यावर, सगळे झोपलेले असताना, ओट्याशी उभा राहून. भूक असो नसो. हे बोललो आणि स्वतःच गप्प झालो. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, पोट लहान करता येतं, ओटा तिथंच राहणार.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं कमीच आहे, कारण मी झोपलेलो. पोटावर पाच छोटी भोकं. जाग आली तेव्हा पोटापेक्षा खांदा दुखत होता. पोट फुगवायला गॅस भरतात, त्याची ती कळ. त्याच संध्याकाळी नर्सनं उठवून चालवलं, पायांत घट्ट मोजे, पोटावर रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा एक धोका, आणि जोड गळणं हा दुसरा. घरी सोडताना त्यांनी तीनदा बजावलं, ताप, नाडी जलद, पोटात कळ, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. हे तुझ्या वहिनीनं पाठ करून ठेवलं होतं.

मला आठवतो तो औषधाचा छोटा पारदर्शक कप. तीस मिलीच्या खुणेपर्यंत पाणी, आणि ते पंधरा मिनिटांत थोडं थोडं संपवायचं. घोट घेतला की छातीच्या मध्यावर तो उतरताना कळायचा, थांबायचा, मग खाली सरकायचा. आयुष्यभर तांब्यानं पाणी प्यायलेला माणूस मी! आणि भूक? भूक नव्हतीच. पहिल्यांदा तर भीती वाटली, काहीतरी बिघडलं की काय.

मुगाचं पाणी, ताकाची निवळ यानं जीव विटला तेव्हा सुरेखानं आहारतज्ज्ञांना अळणीबद्दल विचारलं. त्या पुण्याच्या, त्यांना अळणी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. तिखट घालायच्या आधीचं, मटण शिजवलेलं पाणी. वरची चरबी काढून गाळून द्या, म्हणाल्या. बाळ्या, लहानपणी ताप आला की आई द्यायची ती अळणी. चमच्यानं अर्धी वाटी प्यायला मला अर्धा तास लागला, आणि तांबड्या रश्श्याच्या अख्ख्या पातेल्यातही ती चव कधी मिळाली नव्हती. मग पातळ, मग मऊ, मग नेहमीचं, असं करत दीड-दोन महिन्यांनी भाकरीपर्यंत पोचलो. आज अर्धी भाकरी, अंडं किंवा मासळी, थोडी भाजी. प्रोटीन आधी. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम पुरं करायचं म्हणजे नोकरीच आहे. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जाऊन दूध प्यायचं बंद झालं. दूध आता सोसत नाही, पोटात गुडगुड सुरू होते.

गंमत साखरेची. वजन जेमतेम उतरायला लागलं होतं, तोवर दवाखान्यातच इन्सुलिन बंद झालं. अन्नाची वाट बदलली की आतड्यातली संप्रेरकं बदलतात, असं सांगितलं. पण डॉक्टर 'बरा झाला' म्हणत नाहीत, मधुमेह दबलाय म्हणतात. वजन वाढलं की परत डोकं वर काढेल.

चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गेले. येतात परत, आता येतायत. पोटावरची आणि दंडाची कातडी मात्र लोंबते, ती तशीच राहणार. लोह, कॅल्शियम, बी-ट्वेल्व्ह मरेपर्यंत. गुडघा दुखला म्हणून आयबुप्रोफेनवाली गोळी परस्पर घ्यायची नाही, जोडाजवळ अल्सर होतो. आणि तुझी ती शनिवारची 'बैठक', ती विसर. दारू आता पटकन रक्तात जाते.

पण हे सगळं निभतं. निभत नाही ती माणसं. पुतणीच्या साखरपुड्यात मी ताटात दोन घास घेऊन बसलो, तर वाढपी तीनदा येऊन गेला. "घ्या की हो, एकानं काय हुतंय?" एका काकांनी तर हसत हसत अख्खा पेढा तोंडात कोंबला. सगळे टाळ्या वाजवतायत, आणि पाच-दहा मिनिटांत मला दरदरून घाम, छाती धडधडतेय, हात थरथरतायत. बायपासवाल्याच्या आतड्यात गोड एकदम उतरलं की असं होतं. कार्यालयाच्या मागच्या खोलीत गाद्यांच्या ढिगावर तासभर पडून होतो. बाहेर काका सांगत होते, बघा, अशक्तपणा आलाय, म्हणून तर म्हणत होतो खा. आपल्याकडं माया दाखवायची तर डावानंच, आणि नको म्हणणारा माजलेला ठरतो. डेपोत म्हणतात, "सोपा मार्ग काढलास." त्यांना मी तो तीस मिलीचा कप एकदा देणार आहे.

आता तुझा प्रश्न. माझं मत विचारशील तर, तपासण्या करून घे. वजन उतरवायच्या इंजेक्शनांचंही विचारलं होतंस. त्यातलं मौंजारो मार्च २०२५ पासून आपल्याकडं मिळतं, आणि तुझा बीएमआय माझ्यापेक्षा बराच कमी आहे, तेव्हा त्याबद्दलही डॉक्टरांशी बोल. बंद केल्यावर वजन परत येतं का, हे आवर्जून विचार. आणि जायचं तर एकटा जाऊ नकोस, वहिनींना घेऊन जा. पुढचं वर्षभर तुझं ताट त्याच बघणार आहेत.

हल्ली पहाटे रंकाळ्याला फेरी मारतो. तू आलास की बरोबर चल. पण त्याआधी तुझा शेवटचा एचबीएवनसी, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा तो आकडा, किती आला ते कळव. या वेळी खरा आकडा सांग.

तुझा,
शिवा

ता. क. विम्याची पॉलिसी काढून लठ्ठपणाचं कलम नीट वाच. माझी फाईल कंपनीनं आधी 'सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया' म्हणून परत पाठवली होती. विमा नियामकाच्या कलमात बीएमआय चाळीस किंवा त्याहून जास्त, नाहीतर पस्तीस आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा झोपेतल्या श्वासाचा गंभीर त्रास असा काही आजार, शिवाय डॉक्टरांचा सल्ला, असं स्पष्ट लिहिलंय. त्याची झेरॉक्स जोडून पुन्हा पाठवली, तेव्हा पैसे आले. तुझ्या पॉलिसीत प्रतीक्षाकाळ किती आहे तेही बघून ठेव.