भीमगडचे पाणी वाया जात नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘म्हादईचे पाणी समुद्राला मिळून वाया जाते’ हे वाक्य वाचकांच्या पत्रांत पुन्हा एकदा वाचले. मी बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी भागातला; म्हादई इथल्याच भीमगडच्या रानातून निघून गोव्यात उतरते. लहानपणी म्हशींमागे या रानात हिंडलोय, म्हणून चार ओळी.

एप्रिलअखेर वहाळ आटले असे रस्त्यावरून वाटते. आत गेले की जांभळीच्या सावलीत गुडघाभर पाण्याची डबकी सापडतात. गेल्या उन्हाळ्यात, वळवाची एक सर येऊन गेल्यावर, अशाच एका काठी थांबलो होतो. ओल्या मातीत गव्यांचे खूर इतके खोल रुतले होते की एकेका खुरात पाणी साचून बेडकांची शेपटीवाली पिल्ले वळवळत होती. ते पाणी कुठल्या हिशोबाने ‘वाया’?

भीमगड २०११ साली अभयारण्य झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटर. बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांचे नाव सगळे घेतात. पण वटवाघूळ जगते किड्यांवर आणि किडे ओलाव्यावर. घाट उतरून गोव्यातल्या सत्तरीत बांबरला निरंकाराची राई पाहावी. रानजायफळाची झाडे तिथे पाण्यात उभी आहेत, श्वास घ्यायला मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली. देवाची राई म्हणून कुणी कुऱ्हाड लावली नाही. पाणी खेळते आहे तोवरच ती राई.

हुबळी-धारवाडच्या लोकांनी तहानलेले राहावे असे कोण म्हणेल? त्यांच्यासाठी कळसा-भांडुरा या म्हादईच्या ओढ्यांचे पाणी मलप्रभा नदीत वळवायला म्हादई लवादाने २०१८ मध्ये ३.९० टीएमसी (अब्ज घनफूट) दिलेही आहे. पण मलप्रभा तरी कुठली? आमच्या कणकुंबीचीच लेक. उन्हाळ्यात खानापूरच्या घाटावर उभे राहून तिची दशा बघा. दुसरीचे पाणी आणून हिच्यात ओतण्याआधी ही का आटते, वाळू किती उपसली, हे कुणी विचारत नाही.

आणखी एक. अभयारण्यातल्या गवाळी, पास्टोलीच्या माणसांनी रस्ता मागितला की त्यांना वन्यजीव कायदा दाखवतात. पावसाळ्यात आजारी माणूस खांद्यावरून आणावा लागतो, तरी लोक निमूट ऐकून घेतात. जंगलात पोकलेन न्यायची वेळ येईल तेव्हा तोच कायदा तितक्याच कडकपणे दाखवावा, एवढीच मागणी.

आपला,
एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)