काकूंची सिरियल आणि माझी व्हीलचेअर : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मंत्रीसाहेब, नमस्कार.

गेल्या मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नाला गेले होते. मी व्हीलचेअर वापरते, पण आधार धरून पाच-सात पावलं टाकता येतात मला, तशी ती व्हीलचेअरवरच्या बऱ्याच जणांना येतात. स्टेजला दोन पायऱ्या होत्या, आहेर द्यायला म्हणून भावाचा खांदा धरून उठले आणि मागून एका काकूंचा आवाज, "अगं बाई, ही तर चालते की! त्या सिरियलमधल्या सासूसारखंच." चार जणी फिदीफिदी हसल्या. नंतर पंगतीत त्याच काकूंनी माझ्या ताटात दोन जिलब्या जास्तीच्या वाढल्या आणि डोक्यावरून हात फिरवला. साहेब, मी 38 वर्षांची आहे, लोकांचे जीएसटी रिटर्न भरते.

काकूंचा राग नाही आला. त्यांनी व्हीलचेअरवरचं माणूस बघितलंय ते टीव्हीवरच, आणि तिथे खलनायिका खोटं खोटं त्यात बसते, घरात कोणी नसलं की उठून हिंडते, नाहीतर पापाची शिक्षा म्हणून शेवटच्या आठवड्यात लकवा मारतो, नाहीतर हिरोची बहीण असते आणि हिचं लग्न कसं व्हायचं म्हणून सगळं घर रडत असतं. सिनेमात तोतरा आणि चकणा हसण्यासाठी. हे नको असेल तर मग डायरेक्ट गोल्ड मेडल! आपल्या सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधे पोहण्यात सोनं जिंकलं, पण बऱ्याच घरांत ते नाव पोचलं 2024 ला हिंदी सिनेमा आल्यावर. चांगलंच झालं की, फक्त आता मला लोक विचारतात तू का नाही गं जात पॅरालिम्पिकला. अहो, मला पोहता येत नाही.

8 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टानं अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या निपुण मल्होत्रांच्या केसमधे सांगितलंय की अपंगत्वावर विनोद चालेल, पण माणसाला कमी लेखणारा विनोद वेगळा आणि समज वाढवणारा वेगळा, आणि दाखवायच्या आधी आमच्याशी बोला. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात तर अपंग माणसाचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. मला कुणा लेखकाला आत टाकायचं नाहीये (काकूंना तर नाहीच, जिलबी चांगली होती).

माझं मागणं छोटं आहे. मराठी सिनेमांना सरकारी अनुदान मिळतं, त्यासाठी सिनेमे बघून दर्जा ठरवणारी कमिटी असते, तिच्यावर एक तरी अपंग माणूस घ्या. सत्काराला नाही, मार्क द्यायला. आमचा रोल दरवेळी धडधाकट नटच का करतो हे त्यानं विचारलं पाहिजे, कारण 2014 च्या 'यल्लो' या मराठी सिनेमामधे डाऊन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळनं स्वतःची भूमिका स्वतः केली होती, म्हणजे जमतं. आणि एखादी बाई अशी पण दाखवा जी व्हीलचेअरवर आहे, नवऱ्याशी भांडते, रिटर्नची तारीख विसरते, आणि शेवटी बरी वगैरे होत नाही.

मीटिंग जिथे ठेवाल तिथली लिफ्ट चालू आहे का, तेवढं आधी बघून घ्या.

आपली,
एक प्रेक्षक