अडतीसची सरासरी आणि आमचा डोंबिवलीकर

संपादक महोदय, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं, भारताचा फलंदाज अजिंक्य रहाणेची कसोटी सरासरी जेमतेम ३८, मग त्याचं एवढं कौतुक कशाला अशा अर्थाचं. मी ते सकाळी चहा पिता पिता वाचलं आणि चहा तसाच गार झाला. आकडा खोटा नाहीये हो, ८५ कसोटी, ५०७७ धावा, १२ शतकं, सरासरी ३८.४६. पण आमच्या आईच्या भाषेत सांगायचं तर भाजी नुसती वजनावर घ्यायची नसते, उलटीपालटी करून पण बघायची असते.

तर बघूया. १२ पैकी ८ शतकं भारताबाहेर. वेलिंग्टन, लॉर्ड्स, दोनदा मेलबर्न, दोनदा कोलंबो, किंग्स्टन, अँटिग्वा. घरात फक्त चार, त्यातली दोन २०१५ ला दिल्लीत एकाच कसोटीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. आणि ही १२ शतकं ज्या ११ कसोटींत झाली त्यातली एकही आपण हरलो नाही, आठ जिंकल्या, तीन अनिर्णित. कर्णधार म्हणून सहा कसोटी, चार जिंकल्या, दोन ड्रॉ, हरला शून्य. हे ३८ मध्ये कुठे दिसतं मला सांगा.

लॉर्ड्स २०१४ आठवा. खेळपट्टी अशी हिरवी की मैदान कुठलं आणि पिच कुठलं कळेना, १४५ ला सात गेलेले, जोडीला भुवनेश्वर, आणि हा बाबा शांतपणे १०३ करून गेला. ती कसोटी आपण ९५ धावांनी जिंकली, पण लोकांना आठवतात इशांतच्या सात विकेट (त्याही आठवाव्यातच, पण आधी धावा नकोत का).

माझ्यासाठी मात्र रहाणे म्हणजे तो २०२० चा डिसेंबर. ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ॲडलेडला आपण ३६ ला ऑलआऊट, कर्णधार कोहली घरी परतलेला म्हणून कर्णधारपद ह्याच्याकडे, शमीचा हात मोडलेला आणि व्हॉट्सॲपवर सगळे ४-० लिहून मोकळे. मेलबर्नला ह्याने ११२ केल्या. आउट कसा झाला ते आठवा, जडेजा ४९ वर, त्याच्या पन्नाशीसाठी पळताना हा रनआऊट. दुसरा कोणी असता तर बॅट आपटली असती, आपल्या गल्लीत तर आई-बहीण निघाली असती, हा जडेजाजवळ गेला, त्याला थोपटलं आणि पॅव्हेलियनकडे चालू लागला. मी ते घरी तीन वेळा रिवाइंड करून बघितलं, बायको म्हणाली झालं का, कुकरच्या शिट्ट्या मोज.

मग १९ जानेवारी २०२१, ब्रिस्बेन. तेव्हा आम्हा साध्या माणसांना लोकल बंदच होती, घरून काम, लॅपटॉपवर मीटिंग म्यूट आणि टीव्हीवर मॅच, तीही म्यूट. ३२८ चा पाठलाग, गिल ९१ वर गेला आणि हा आला, लोकांना वाटलं आता ड्रॉसाठी टुकूटुकू खेळणार, ह्याने २२ चेंडूत २४ काढल्या, लायनला एक सिक्स. मोठ्या धावा नाहीत, पण आत बसलेल्या पोरांना कळलं की साहेब जिंकायला निघालेत. पुढचं पंतने केलं, आपण जिंकलो, ते सगळ्यांना पाठ आहे.

आणि एक गोष्ट मी कुठे वाचली नाही म्हणून लिहितो. त्याच कसोटीत पहिल्या डावात १८६ ला सहा असताना शार्दुल ठाकूर ६७ आणि वॉशिंग्टन सुंदर ६२, १२३ ची भागीदारी. शार्दुल पालघरचा. पालघर वेगळा जिल्हा झाला २०१४ मध्ये, त्याआधी ठाणे जिल्हाच. म्हणजे कर्णधार डोंबिवलीत वाढलेला, आठव्या नंबरवर पालघर, जुन्या ठाणे जिल्ह्यातली दोन पोरं ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरली नव्हती! आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय, तर "मुंबईकरांचा डंका".

मुंबईकर कसले हो. माझा भाचा कळव्याहून आझाद मैदानाला जातो, पाठीवर त्याच्याएवढीच किट बॅग. साध्या डब्यात चढला की लोक ओरडतात, "ए, बॅग वर टाक", वर जागा कुठे असते, मग पोरगं लगेज डब्यात मासळीच्या टोपल्यांशेजारी उभं राहतं आणि घरी आलं की पॅडला पण वास. रहाणेचं मूळ गाव संगमनेरकडचं, वाढला डोंबिवलीत. रिक्षाला पैसे नसायचे म्हणून आई एका हाताने धाकट्या भावाला आणि दुसऱ्या हाताने किट बॅग घेऊन चालत न्यायची, हे त्यानेच सांगितलंय. ह्या खेळाडूला तुम्ही मुंबईकर म्हणता ते मुंबईकडून खेळला म्हणून, ते ठीक, रणजी करंडक पण त्याच्याच नेतृत्वात २०२४ ला ४२ व्यांदा आला. पण लोकलचे धक्के तर आमच्याच लाईनवर खाल्लेत ना.

आता त्याचं चुकलं ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल आंधळा भक्त. २०२१ मध्ये बॅट पार रुसली होती, घरच्या पिचवर फिरकीला अडकायचा, आणि २०२२ च्या सुरुवातीला केपटाऊननंतर वगळला त्यात फार अन्याय झाला असं मला नाही वाटत. वनडेत ९० सामने, तीन शतकं, ते जमलं-न-जमलं सारखंच. पण दीड वर्षाने ओव्हलला जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या फायनलला बोलावलं तर बोटावर चेंडू बसला तरी ८९ करून दिल्या, त्या डावातल्या सगळ्यात जास्त. त्यानंतर जुलै २०२३ ला पोर्ट ऑफ स्पेनला शेवटची कसोटी झाली, तेव्हा ती शेवटची आहे हे बहुतेक आपल्या कोणालाच कळलं नाही.

तर एवढंच, पुढच्या वेळी त्याचा फोटो छापाल तेव्हा खाली "डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे" असं टाका. जागा कमी पडत असेल तर सरासरी काढा.

आपला,
एक जुना वाचक
कळवा, जि. ठाणे