वीज ठेकेदारांचे परवाने भाड्याने नकोत

महोदय,

गेल्या महिन्यात घरी दोन तरुण आले. छतावर सोलर बसवण्याची कंपनी त्यांनी नुकतीच काढली होती. भांडवल होते, गिऱ्हाईक होते, फक्त वीज ठेकेदाराचा परवाना नव्हता. "काका, तुम्ही साइटवर यायची गरज नाही. परवाना आमच्या कंपनीला लावू द्या, टेस्ट रिपोर्टवर सही-शिक्का द्या, महिन्याला पंधरा हजार घरपोच," असे म्हणाले. मुले उद्धट नव्हती. धंद्यात असेच चालते असे त्यांना कोणीतरी सांगितले होते, आणि ते खोटे नाही. हा पायंडा आम्ही ठेकेदारांनीच पाडला आहे.

नवीन मीटरसाठी महावितरणला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग स्वतः तपासल्याचा दाखला, द्यावा लागतो. तो काही ठिकाणी चार-पाचशे रुपयांत सही-शिक्क्यासह मिळतो. ज्याची सही असते त्याने ते घर पाहिलेलेही नसते.

मागच्या पावसाळ्यात एका नव्या घरी गेलो. गिझर लावला की नळाला झिणझिण्या येतात, अशी तिथल्या वहिनींची तक्रार होती. बोर्ड उघडला. अर्थिंगची, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी, हिरवी वायर भिंतीतून खाली उतरून जोत्यापाशी संपत होती. टोक कापून गिलाव्यात दाबलेले. बाहेर खड्डा नाही, रॉड नाही, प्लेट नाही. ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून कोणीतरी तो वगळून थेट जोडणी केली होती. टेस्ट रिपोर्ट मागून घेतला, तर त्यात अर्थिंगचा रेझिस्टन्स १.२ ओहम लिहिलेला! त्या घरात दोन लहान मुले होती. ज्या ठेकेदाराने तो आकडा लिहिला, त्याला मी ओळखतो. तो वाईट माणूस नाही. साठीनंतर शिडी चढवत नाही, हातात काम नाही, आणि घरबसल्या पैसे येतात, एवढेच त्याचे कारण.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम, आधीचे २०१० चे आणि आताचे २०२३ चे, याबाबत स्पष्ट आहेत. काम परवानाधारक ठेकेदाराने घ्यायचे, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली करायचे, आणि हात परमिटधारक वायरमनचाच लागला पाहिजे. मेगर या मोजणीच्या यंत्राने ५०० व्होल्ट एक मिनिट लावून इन्सुलेशन, म्हणजे वायरवरचे वीजरोधी आवरण, किमान १ मेगओहम भरते का, हे तपासायचे असते. या तपासणीला अर्धा-पाऊण तास लागतो. सहीचे पैसे त्या अर्ध्या-पाऊण तासाचे आहेत.

सोलरमध्ये तर हे फार जपायला हवे. मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या वायरमध्ये डीसी व्होल्टेज जिवंत असते. डीसी (पॅनेलकडची) बाजू, एसी (घराकडची) बाजू आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांचे अर्थिंग वेगवेगळे घ्यायचे असते. तीन खड्डे खणायला पैसे आणि वेळ जातो, म्हणून पहिली काटछाट तिथेच होते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळते. त्यामुळे गावोगाव पॅनेल चढत आहेत आणि नव्या कंपन्यांना परवाने हवे आहेत.

त्या मुलांना मी म्हटले, मला सुपरवायझर म्हणून पगारावर घ्या, प्रत्येक साइटवर येतो, खड्डा माझ्यासमोर भरा, तुमच्या पोरांना परवान्याच्या परीक्षेसाठी तयारही करतो. विचार करून कळवतो म्हणाले. अजून फोन आलेला नाही.

माझी विद्युत निरीक्षक कार्यालयाला आणि महावितरणला विनंती आहे, की टेस्ट रिपोर्टसोबत त्या घरात मेगर लावलेला ठेकेदाराचा फोटो आणि ग्राहकाची 'ठेकेदार स्वतः आले होते' अशी सही मागवावी. महिन्यातून काही घरे निवडून निरीक्षकांनी त्या ठेकेदाराला तिथेच बोलवावे आणि अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते दाखवायला सांगावे.

– एक परवानाधारक विद्युत ठेकेदार, कराड